नवरीच्या गळ्यातला तीन नंबरचा माइक

आजवर सगळ्या जगाने माझ्यातून बोलून घेतलं. आज जरा माझी पाळी. मी माइक आहे. भाषणात हातात धरतात तो दांडीवाला नव्हे हं, त्याचा थाट वेगळा. मी वाटाण्याएवढा. मला कपड्याच्या आत लपवतात, म्हणजे टीव्ही बघणाऱ्याला वाटावं की ही माणसं आपली आपणच बोलताहेत, कुणी ऐकत नाहीये.

जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने भिंगातून बघत माझी केसासारखी तार जोडली आणि माझ्यावर हलकेच फुंकर मारली. समोरच्या यंत्रावरचा काटा टुणकन उडाला. ती म्हणाली, हा कान चांगला आहे. तेव्हापासून मला थोडी शिष्टपणाची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. एका पेटीत आम्ही सहा भावंडं होतो. प्रत्येकाच्या शेपटीला नंबर चिकटवला. मी तीन नंबर.

आमची मालकीण साउंडताई. सेटवर तिला सगळे नुसतं ताई म्हणतात, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला दिवेवालासुद्धा. मनगटावर चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवलेले, एका खिशात बॅटऱ्या, दुसऱ्यात बिस्किटं, आणि डोक्याला हेडफोन असा की तो काढला तर लोक ओळखणार नाहीत. नवऱ्यामुलींना मला लावताना ती एकच गोष्ट सांगायची, "बाथरूमला जाताना मला खूण कर. मी बंद करते. बाकी सगळं ऐकू जातं, पुटपुटलीस तरी." बऱ्याच मुली हे ऐकून हसायच्या आणि पाच मिनिटांत विसरायच्या.

तर आमचा कार्यक्रम लग्नांचा. लग्न ठरल्यापासून होईपर्यंत कॅमेरे मागे फिरणार आणि दर रविवारी संध्याकाळी एका नवरीची गोष्ट दाखवणार. मी कायम नवरीच्या गळ्याशी. नवरदेवाला पाच नंबर. पाच नंबर माझा धाकटा भाऊ, त्याला फार आराम. दिवस संपला की पेटीत तो मला सांगायचा, आज चार वेळा ‘हं’ आणि एकदा ‘जेवण कधी आहे’.

कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडम वाईट बाई नव्हत्या. पायात बूट, कपाळाला आठी, चहा नेहमी गार झालेला. पण त्यांच्या खोलीत एक पांढरा फळा होता आणि त्यावर हंगामाच्या सुरुवातीलाच चार रकाने आखलेले असायचे. रडकी, हट्टी, नखरेल, भांडकुदळ. नवऱ्यामुली अजून भेटायच्याच होत्या! त्या आल्या की एकेकीचा फोटो एकेका रकान्यात चिकटवायचा. नवरदेवांना रकाने नव्हते. त्यांच्या सगळ्यांसाठी खाली कोपऱ्यात एकच शब्द लिहिला होता, ‘बिचारा’.

मी हे सगळं बघायचो आणि गप्प बसायचो. माइकने बोलायचं नसतं.

मग त्या हंगामात ती आली. ती एक पाळणाघर चालवायची. दोन खोल्या, एक बारकं अंगण, अकरा मुलं आणि मदतीला एक मावशी. तिचा आवाज ऐकला आणि मी खूशच झालो. कापूस पिंजावा तसा मऊ, पण हवा तेव्हा खणखणीत. सेटवर बसल्या बसल्या तिचं फोनवर चालू असायचं. ढब्बूला आधी झोपव, तो झोपला की बाकीचे झोपतात. गोगलगाईला भात भरवताना घाई करू नकोस, ती चावून चावून खाते. ही मुलांची लाडाची नावं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिचा फोटो ‘हट्टी’च्या रकान्यात गेला. का, तर पोशाख घालून बघायचं शूटिंग दुपारी एकला ठेवलं होतं आणि ती म्हणाली, तीनपर्यंत मुलं झोपलेली असतात, त्यांना सोडून मी येणार नाही. तिने हे अगदी हसून, हात जोडून सांगितलं होतं. पण रकान्यात हसू मावत नाही.

या कार्यक्रमात यायची हौस तिची नव्हतीच. हौस सासूबाईंची. सासूबाई म्हणजे आमच्या कार्यक्रमाच्या पट्टीच्या प्रेक्षक. सहा वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही. अर्ज त्यांनीच भरला आणि पेढीवर घेतात तशी सुनेकडून सही घेतली. बोलायला तर अशा, की एकदा सुरू झाल्या की समोरच्याने उठून चहा करून प्यावा, तरी वाक्य चालूच. पहिल्या दिवशी ताईने त्यांना चार नंबरचा माइक लावला, तर त्या ताईलाच जुन्या नवऱ्यामुलींच्या गोष्टी सांगायला लागल्या. ती मागच्या वर्षीची काय बाई कजाग, आईवर कशी खेकसली. आणि ती फुलं फेकणारी, ती तर अगदीच उर्मट. ताई मान हलवत राहिली. त्या दोघींबाबत खरं काय घडलं होतं, ते ताईने आणि मी प्रत्यक्ष ऐकलं होतं, तरी ताईने फक्त चार नंबरची कळ तपासली. ती नेहमी म्हणायची, माझं काम आवाज स्वच्छ करणं. खरं-खोटं बघणारे वेगळे.

लग्नाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. हॉलमध्ये फुलांचं काम चाललं होतं. छताशी एक मोठा पंखा घरघरत होता, ताई त्याला शिव्या देत होती, कारण तो बंद करता येत नव्हता. शूटिंगचे दिवे उंच स्टँडवर असतात आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवतात, म्हणजे तो कलंडत नाही. त्या दिवशी कुणीतरी दार उघडं राहावं म्हणून एक पिशवी उचलून दाराला लावली. बस्, एवढंच झालं.

सासूबाई फुलांची कमान बघत बघत मागे सरकल्या आणि त्यांचा धक्का स्टँडला लागला. दिवा डुलला. त्या वळल्या आणि सावरायला म्हणून त्याच दांड्याकडे त्यांनी हात नेला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला नवरी होती. माझ्याखाली तिचं काळीज एकदम धाडकन वाजलं आणि ती ओरडली.

"आई, हात लावू नका! मागे व्हा! आधी मागे व्हा!"

पाच मुलं एकदम जिन्याकडे धावली की पाळणाघरात जो आवाज लागतो ना, तो होता तो. माझा काटा लाल रेषेपलीकडे गेला. सासूबाई दचकून मागे झाल्या आणि पुढच्याच क्षणी दिवा त्या उभ्या होत्या तिथे येऊन फुटला. मग एकच गोंधळ. सासूबाईंना रडू फुटलं, नवरीने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या पायात काचेचा तुकडा गेला होता, तो तिने सगळं शांत झाल्यावर काढला.

लग्न छान झालं. नवरदेव त्या दिवशी पूर्ण तीन वाक्यं बोलला, पाच नंबरला भरून आलं.

नंतरच्या सोमवारी टीव्हीवर जाहिरात लागली. रविवारी काय बघाल त्याची झलक, अर्ध्या मिनिटाची. ताई ऑफिसात तारा गुंडाळत होती, मी तिच्या बोटांत होतो. पडद्यावर कपडे घालायची खोली दिसली. सासूबाई कौतुकाने सुनेच्या पोशाखाला हात लावायला जातात. लगेच आवाज येतो, "हात लावू नका! मागे व्हा!" सासूबाईंचा दचकलेला चेहरा. सासूबाई डोळे पुसताहेत. आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘ही सून की शिक्षा?’

आई गं. एकही तुकडा खोटा नव्हता! पोशाखाला हात लावला होता, पण आधी, घालून बघायच्या दिवशी, आणि तेव्हा नवरी हसत होती. ओरडली होती, पण नंतर, हॉलमध्ये. दचकल्या होत्या, रडल्या होत्या, सगळं खरं. फक्त दिवा काढून टाकला होता. आणि ‘आई’ हा शब्द.

ताईने हेडफोन लावून ती झलक तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा तिला ते ऐकू आलं. त्या ओरडण्याच्या मागे पंखा घरघरत होता. कपडे घालायच्या खोलीत पंखाच नाही. एडिटरने घाईत तो तसाच ठेवला होता आणि ताईच्या टेबलावर चिठ्ठी होती, रविवारच्या एपिसोडसाठी एवढी घरघर धुऊन दे. एकोणीस वर्षं ताईने अशा घरघरी धुतल्या होत्या. तिने चिठ्ठीची घडी केली आणि एडिटरला म्हणाली, शुक्रवारी देते.

गुरुवारी शेवटची मुलाखत राहिली होती, सासूबाईंची. लग्नानंतर घरच्या एका माणसाने दोन शब्द बोलायचे, त्यावर एपिसोड संपतो. ते दोन शब्द नसतील तर शेवटच नाही. सासू-सून दोघी ऑफिसात आल्या. सूनबाई सुकलेली होती. कोपऱ्यात उभी राहून मावशीशी फोनवर बोलत होती, तेव्हा आम्हाला कळलं. मंगळवारपासून अकरातली चार मुलं येईनाशी झाली होती. ढब्बूच्या आईने सांगितलं, त्याला सर्दी आहे. दुसरीने सांगितलं, आम्ही आजीकडे ठेवतोय. तिसरी खरं बोलली. म्हणाली, टीव्हीवर बघितलं, आता जीव घाबरतो. ज्या बाईला म्हातारीवर असं ओरडताना बघितलं, तिच्या हाती तान्हं मूल कोण देईल? रविवारी पूर्ण एपिसोड लागला की उरलेली सातही जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मावशी फोनवर विचारत होती, दूध किती घ्यायचं उद्यापासून.

सासूबाईंचंही तोंड उतरलेलं. शेजारणींचे फोन येऊन गेले होते, जपून राहा हो, म्हणून. त्यांनी प्रत्येकीला खरं काय ते सांगितलं, पण शेजारणी म्हणाल्या, तुम्ही सुनेला सांभाळून घेताय, मोठं मन तुमचं.

चार नंबरची तार त्या दिवशी तुटलेली, म्हणून सासूबाईंना मला लावलं. ताई त्यांच्या कॉलरला मला अडकवत होती आणि माझी कळ अजून बंद होती. तिने इकडेतिकडे बघितलं. मॅडम पलीकडे फोनवर होत्या.

"काकू, नीट ऐका," ती अगदी हळू म्हणाली. "तुमचा स्वर जिथे खाली येईल, तिथे कात्री बसते. श्वास घ्याल, तिथे कात्री बसते. म्हणून थांबू नका. आणि दिवा आणि सून एकमेकांपासून सोडवू नका. जमेल?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं माशाला कुणी पोहायला जमेल का विचारावं. मग हळूच ताईचा हात दाबला. हे उघड झालं असतं तर तिला घरी बसावं लागलं असतं, आणि तेही तिला ठाऊक होतं.

मॅडम समोर येऊन बसल्या. हातात प्रश्नांचा कागद. गोड आवाजात त्यांनी विचारलं, "काकू, सूनबाई थोड्या हट्टी वाटतात का?"

आणि गाडी सुटली.

"थोडी? अहो, त्या दिवशी हॉलमध्ये तुमचा तो उंच दिवा माझ्या डोक्यावर यायला निघाला आणि मी वेंधळी त्याच्याच दांड्याला धरायला हात पुढे करत होते तेव्हा ही त्या टोकावरून ओरडली की आई हात लावू नका मागे व्हा, आणि ही ओरडली म्हणून मी मागे झाले आणि मी मागे झाले म्हणून तो दिवा माझ्यावर न पडता फरशीवर पडला, आणि काचा पडल्या तिथे आत्ताच माझे पाय होते, आणि हिच्या पायात काच घुसली तरी हिने आधी मला पाणी पाजलं आणि मग काच काढली, आणि तुम्ही दाखवलंत की ही माझ्यावर ओरडली, तर माझ्यावर नाही हो, त्या दिव्यापायी माझ्यासाठी ओरडली, आणि दिवा तुमचाच होता आणि त्याच्या पायावरची वाळूची पिशवी तुमच्याच माणसाने उचलली होती आणि…"

काय सांगू तुम्हाला! एवढ्या वर्षांत मी गवई ऐकले, वक्ते ऐकले, लिलाव पुकारणारे ऐकले. असा दम ऐकला नाही. स्वर कुठेही टेकला नाही. दिव्यावर आली की सून, सुनेवर आली की दिवा. कात्री घालायला सुईच्या अग्राएवढी जागा नाही. ताई यंत्रावर मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती ते मला दिसत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, छान, आता हेच थोडक्यात सांगा. सासूबाईंनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, शब्दाला शब्द. मॅडमनी दिवा सोडून सुनेबद्दल बोला म्हणून विनवलं. सासूबाई म्हणाल्या, बरं, आणि तिसऱ्यांदा दिव्यापासूनच सुरुवात केली. कॅमेरावाल्याने तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी कागद मांडीवर ठेवला. तेव्हा सासूबाई आपणहून थांबल्या. त्यांचा आवाज खाली आला, अगदी खाली, माझ्यासारख्या चांगल्या कानालाच ऐकू यावा असा.

"सहा वर्षं मी घरी बसून सगळ्या पोरींना कजाग म्हटलं हो. त्यांच्याही समोर एकेक दिवा पडत होता का, तेवढं सांगा मला."

मॅडम उघड्या दारातून आपल्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्याकडे बघत होत्या. त्या चार रकान्यांत किती जणींचे फोटो लागून गेले असतील, ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी विचारलं, दिवा पडतानाचं काही आहे का आपल्याकडे. कॅमेरावाला म्हणाला, अर्धवट आहे, कोपऱ्यात दिसतो. ताईने हेडफोन काढला आणि पहिल्यांदा मोठ्याने बोलली. आवाज पूर्ण आहे, म्हणाली. पंख्यासकट. तो मी धुणार नाही.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, सासूबाईंच्या कॉलरकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडेच, आणि त्यांना सगळं कळलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या की वरच्या साहेबांना जाहिरातींच्या ब्रेकआधी ओरडणं लागतंच, ते जाणार नाही. पण ब्रेकनंतर दिवा पडू दे.

रविवारी सासूबाईंनी आयांना आणि बाबांना पाळणाघरात बोलावलं. न येणाऱ्या चौघांनाही स्वतः जाऊन सांगितलं, एवढं एकदा बघा आणि मग तुमचं काय ते ठरवा. चौघांतले दोन आले. ताईलाही बोलावणं होतं आणि मी तिच्या खिशात. मुलांच्या गाद्यांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती.

ओरडणं आलं आणि जाहिराती सुरू झाल्या. पाच मिनिटं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. एक बाबा आपल्या मोज्याचा धागा ओढत बसला. सूनबाई दाराशी उभी होती आणि तिचा श्वास मला खिशातूनही ऐकू येत होता. सासूबाई, ज्यांचं तोंड टीव्हीसमोर कधी बंद नसतं, त्या उठून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मग हॉल दिसला. घरघर करणारा पंखा, डुलणारा दिवा, पुढे झालेला हात. "आई, हात लावू नका!" आणि काचा. ढब्बूची आई तोंडावर पदर धरावा तसा हात धरून बसली. लगेच सासूबाईंचं ते लांबलचक वाक्य लागलं आणि ते संपायच्या आत खोलीतले लोक हसायला लागले होते, डोळे पुसत. सासूबाईंचं शेवटचं, हळू आवाजातलं वाक्य मात्र एपिसोडमध्ये आलं नाही. ते कापलं. म्हणून ते मी तुम्हाला सांगितलं.

सोमवारी सकाळी ढब्बूची आई दारात. खाली बघत म्हणाली, त्याला सर्दीबिर्दी काही नव्हती हो. सूनबाईने हात पुढे केले आणि ढब्बू त्या हातांत असा झेपावला, जसा काही मधे एक दिवसही गेला नव्हता. आठवड्याभरात आणखी दोन मुलं आली. चौथं आलं नाही. त्या घराने झलक बघितली होती, एपिसोड बघितलाच नाही. अशीही घरं असतात.

मॅडमच्या फळ्यावरचे रकाने पुढच्या हंगामात चारचे दोन झाले, असं कधी ताईच्या खिशात बसून येतो तेव्हा पाच नंबर सांगतो. अगदी पुसले गेले नाहीत. पण नवरी भेटायच्या आधी फोटो चिकटवत नाहीत म्हणे. ताई अजून तिथेच आहे. तिला कुणी घरी बसवलं नाही, तिच्यासारखा कान मिळतो कुठे?

मी मात्र निवृत्त झालो. माझी तार मुळाशी झिजली, आणि ताईने मला पाळणाघराला देऊन टाकलं. आता माझ्यातून काही म्हणजे काही कुठे पोचत नाही. तरी मुलं मला अंगाला लावतात, शेपटी खिशात खोचतात आणि बोलतात. माझ्यावर खरकटं असतं, शेंबूड असतो. शिष्टपणा कुठल्या कुठे गेला.

मला तुमच्याकडे एकच मागणं आहे. पडद्यावर एखादी बाई ओरडताना दिसली, तर तिला लगेच नाव ठेवू नका. तिच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते विचारा. कुणी सांगितलं नाही तरी विचारा.

काल गोगलगाईने मला फ्रॉकला लावलं. ही चार वर्षांची, अन्नाप्रमाणे शब्दही चावून चावून बोलणारी. म्हणून नेहमी दुसरंच कुणीतरी तिचं वाक्य पूर्ण करतं. तिने सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, मी बोलणार, मधे कुणी बोलायचं नाही. मग तिने दूध कसं सांडलं ते सांगायला घेतलं. पेला कुठे होता, कोपर कुणाचं लागलं, आधी कोण हसलं, सगळं. चांगली पंधरा मिनिटं लागली. सूनबाई फरशी पुसायचं फडकं हातात तसंच धरून शेवटपर्यंत ऐकत बसली. गोगलगाईचं बोलून झालं, तेव्हा तीच म्हणाली, "संपलं." आणि मला काढून तिने पुढच्या मुलीच्या हातात दिलं.